पहिल्या कढईचा वास

२ डिसेंबर, सोमवार

आज संपादकांनी केबिनमध्ये बोलावून माझ्या हातात एक संत्रे ठेवले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला आपणहून दिलेली ही पहिली वस्तू, त्यामुळे मी ती संशयाने उलटसुलट करून पाहिली.

"आरोग्य पुरवणीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात," ते म्हणाले. "हिवाळाभर दर गुरुवारी लिंबू-संत्र्यांवर सदर हवंय. जाती, गुण, कुणी किती खावं. तुम्ही लिहा."

"मी नगरपालिकेचा वार्ताहर आहे."

"म्हणूनच. आंबट तोंडांची सवय आहे तुम्हाला."

संस्कृत घेऊन पदवी मिळवल्याचा एवढाच उपयोग झाला की नारंग, जंबीर, मातुलुंग ही नावे मला पाठ आहेत. ती फळे समोर मांडली तर कोणते कोण, हे मात्र सांगता येणार नाही.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीशी बसली होती. हे मुद्दाम टिपून ठेवतो, कारण ती खिडकीशी बसणाऱ्यांपैकी नव्हे. गावाबाहेरच्या मार्मालेडच्या, म्हणजे नारिंगाच्या सालीच्या मुरंब्याच्या, कारखान्यात ती एकवीस वर्षे वास घेण्याची नोकरी करते. ऐकणारे हसतात, पण कोणती नारिंगे शिजवायची, कोणती परत पाठवायची आणि कढई कधी उतरवायची, हे तिचे नाक ठरवते. ती "भरा" म्हणाली की बरण्या भरायला लागतात. ती म्हणेपर्यंत मालकसुद्धा हाताची घडी घालून उभे. कारखान्यात तिला सगळे "नाकवाल्या बाई" म्हणतात. घरात मी त्या नाकाला वचकून असतो, कारण अकरा वर्षांपूर्वी त्यानेच माझी सिगारेट सोडवली.

ऑक्टोबरात तिला ताप आला. बारा दिवस मुक्काम केला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी नाही, साबण नाही, काहीच नाही. तेव्हापासून ती रजेवर आहे. हंगामाची पहिली कढई दहा जानेवारीला चढते. तोवर नाक परतले नाही तर नोकरी जाईल, असे धाकटे मालक म्हणत नाहीत. ते म्हणतात, "बाई, लेबलांच्या खात्यात तुमच्यासाठी खुर्ची आहेच." हे मला सांगताना हिने "खुर्ची" हा शब्द असा उच्चारला की घरातल्या चारही खुर्च्या ओशाळल्या असतील.

आता या वहीतच लिहिण्याजोगी गोष्ट. तिच्या तापाच्या सातव्या दिवशी, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, मी एका अनोळखी माणसाकडे सिगारेट मागितली. तेव्हापासून रोज तीन. ज्या नाकाची भीती, तेच रजेवर. पाकीट गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. तो शब्द पुन्हापुन्हा लिहायला बरा वाटत नाही, म्हणून या वहीत यापुढे त्याला "चिंतन" म्हणेन.

आज तीन चिंतने झाली.

४ डिसेंबर, बुधवार

फळबाजारात गेलो. कोपऱ्यावर एक फळवाली बसते, जग तिला मावशी म्हणते. तीस वर्षे फळे विकते आणि गिऱ्हाइकाला फळ निवडू देत नाही.

मावशींनी तासभर शिकवणी घेतली. संत्र्याची साल सैल, नखाने सुटते; मोसंबीची घट्ट, तिला सुरी लागते. पपनस म्हणजे लहान मुलाच्या डोक्याएवढे, आणि त्याच्या सालीखाली बोटभर जाडीची पांढरी गादी. कुमक्वाट अंगठ्याएवढे, ते सालीसकट खायचे. "साल गोड, पोटात आंबट," मावशी म्हणाल्या. नगरपालिकेत अशी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती एवढी गुणकारी नव्हती. शेवटी त्यांनी एक खडबडीत, बेढब, पिवळे फळ काढले. महाळुंग. म्हणजेच माझे मातुलुंग! पस्तीस वर्षांपूर्वी श्लोकात भेटले होते, आज समक्ष. श्लोकात ते बरेच देखणे होते.

"दिसण्यावर जाऊ नका, वजनावर जा. एकाच मापाची दोन उचला. जड असेल त्यात रस."

मी लगेच एक संत्रे उचलून हुंगायला लागलो.

"ठेवा ते! विडीचे हात लावू नका, साहेब. साल तेलकट असते, वास धरून ठेवते. पुढचं गिऱ्हाईक मला बोलेल."

"मी विडी ओढत नाही," मी म्हणालो. काटेकोरपणे पाहता हे खरे आहे. मावशींना आपल्या फळांचा फार अहंकार आहे.

नाकाच्या डॉक्टरांनी हिला व्यायाम दिला आहे. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा वीस सेकंद वास घ्यायचा, येवो न येवो. नाकाला जुनी वाट पुन्हा दाखवायची म्हणे. त्यात मी सदरासाठी आणलेली फळे वाढवली आहेत. ही सेवा मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. सकाळी गच्चीवरचे चिंतन आटोपून खाली आलो की मीच फळ सोलतो, मीच साल मुडपून हिच्या नाकाखाली धरतो. संध्याकाळी पुन्हा तसेच.

"काही?"

"काही नाही."

मग ती साल हातात घेऊन बराच वेळ नुसती बघत राहते.

८ डिसेंबर, रविवार

लेक आली आहे. दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. शनिवारी दुपारी येते, सोमवारी पहाटे जाते. तिने नाक आईचे घेतले आहे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळनंतर मी चिंतन बंद ठेवतो आणि कोट गच्चीवर वाऱ्याला टांगतो. दोन दिवसांचा हा उपवास मी निष्ठेने पाळतो. कारण सांगता येत नसल्यामुळे त्याचे पुण्य मात्र लागत नाही.

तिने माझ्या पहिल्या लेखाचा कच्चा खर्डा वाचला.

"बाबा, ग्रेपफ्रूटबद्दल 'आबालवृद्धांनी निःशंक सेवन करावे' असं लिहिलंय तुम्ही?"

"निःशंकमधला विसर्ग चुकलाय का?"

"विसर्ग राहू दे. निःशंक चुकलंय. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. गोळी रक्तात जास्त साठते. पपनसाचंही तेच, डॉक्टरांना विचारून खायला सांगा. रोज माझ्या दुकानात येतात असे आजोबा. तुमचा लेख वाचून सरळ बाजारात जातील."

"वार्ताहराला कोणी एवढं मानत नाही गं."

"नगरपालिकेच्या बातमीला नाही मानत. खाण्याच्या बातमीला मानतात."

"निःशंक" खोडले. त्या जागी इशाऱ्याची चौकट घातली आणि तीच लेखातली सर्वांत चांगली जागा झाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

सदर छापून आले. एका संत्र्यात दिवसभराला जवळपास पुरेल एवढे क जीवनसत्त्व. सर्दी त्याने टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते. पालेभाजीवर लिंबू पिळले की भाजीतले लोह अंगी लागते. रस काढण्यापेक्षा फळ खावे, आणि पाकळीवरच्या पांढऱ्या शिरा काढत बसू नये; चोथ्यात पुष्कळ काही आहे. आंबट खाल्ल्यावर चूळ भरावी, दातांसाठी. धूम्रपान करणाऱ्याला क जीवनसत्त्व इतरांपेक्षा जास्त लागते, हे वाक्यही निर्विकारपणे घातले, आणि त्याचा मान राखून एक संत्रे जास्त खाल्ले.

संपादक म्हणाले, "बरं झालंय." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी तेच. काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज काहीतरी झाले!

लेक पपनस सोलत बसली होती. ही शेजारी माझ्या स्वेटरची बटणे लावत होती. एकदम सुई थांबली.

"काय आहे?" लेकीने विचारले.

"थांब. हलू नकोस." हिने डोळे मिटले. "काहीतरी आहे. लांब. दोन खोल्या पलीकडे कुणी खिडकी उघडावी तसं."

"कसला वास?"

"नाव नको विचारूस. आहे. एवढंच."

लेक ओरडली, मी टाळ्या वाजवल्या, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकले. ही हसली. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा दात दिसले. हातातले बटण तिने उलटे लावले आहे. मी ते तसेच ठेवणार आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी उत्साहाने गच्चीवरून दोन जिने एका दमात उतरलो आणि संत्रे सोलले. वीस सेकंद. हिच्या कपाळाला आठी पडली.

"जळलंय हे."

"संत्रं कसं जळेल?"

"मला काय माहीत? जळका वास येतोय. धुरकट."

लिंबू कापले. तेही जळके. लवंग दिली, तिला तर विझलेल्या चुलीचा वास. संध्याकाळी मोसंबी आणली. ती सर्वांत जळकी.

बिचारीचे नाक परतले खरे, पण वाटेत कुठेतरी पोळून आलेले दिसते. मला इतके वाईट वाटले की गच्चीवर जाऊन एक जादा चिंतन करावे लागले.

१९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर मात्र खूश. "वास परत येताना असाच वाकडातिकडा येतो. कुणाला कॉफी रबरासारखी, कुणाला फळ जळल्यासारखं. नसा जुळताना गोंधळ होतो. चांगलं लक्षण आहे."

"सरळ कधी होईल?" हिने विचारले.

"काही महिने. कधी वर्षही लागतं."

आम्ही चालत घरी आलो. 

"वास न येणारी बाई परवडते हो," पुलावर ती म्हणाली. "तिला बाजूला बसवता येतं. पण खोटा वास येणारी बाई कढईपाशी उभी राहिली तर? चांगला माल फेकून देईल. नाहीतर जळलेला माल भरायला सांगेल, आपल्याला नेहमीच येतो असा वास म्हणून. एकवीस वर्षं माझ्या एका शब्दावर बरण्या भरल्यात त्यांनी."

मी तिचा हात हातात घेतला. तिने थोडा वेळ तसाच राहू दिला, मग नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आता तर रस्त्यालाही येतोय."

२३ डिसेंबर, सोमवार

नवल आहे. शनिवारी धूर गेला, आणि काल रविवारी हिने लेकीने सोललेले संत्रे हुंगले आणि म्हणाली, "संत्रं." जळके नाही, धुरकट नाही. मी लिंबू कापून दिले, ते "लिंबू, जरा शिळं". खरोखर शिळे होते! दुपारभर घरात सणासारखा गलका.

आज सकाळी माझ्या हातचे संत्रे: जळके.

२९ डिसेंबर, रविवार

पुन्हा तेच! सोमवार ते शुक्रवार धूर, आज कुमक्वाटसुद्धा स्वच्छ. "साल गोड, आत आंबट, आणि देठाशी थोडा मिरीसारखा," ही म्हणाली. इतका बारकावा! मला वाटते नाकालाही आठवड्याची रजा लागत असावी. किंवा रविवार हा सूर्याचा वार आणि नारंग हे दिसायला साक्षात सूर्यबिंब, यात काही संबंध असेल. हे मी लेकीला सांगितले.

"बाबा, हे छापू नका."

"छापतोय कुठे? निरीक्षण आहे."

"निरीक्षण पूर्ण करा मग. आठवड्यात कोणत्या दिवशी कसा वास येतो, ते तारखेवार लिहून ठेवा. डॉक्टरांना दाखवू. तुम्ही वार्ताहर आहात ना?"

टोमणा होता, पण सूचना बरी आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

काल मला खोकला झाला होता. घसा सोलवटलेला, सबंध दिवस एकही चिंतन नाही. आणि काल गुरुवार असून हिला लिंबू लिंबासारखे आले! तिने मला दोनदा कापायला लावले. संध्याकाळी ती कारखान्यातले जुने किस्से सांगत होती.

आज खोकला कमी. आणि आज सकाळी संत्रे पुन्हा जळके.

तिने साल बशीत ठेवली. "एक दिवस दाखवतं आणि काढून घेतं. हे नाही सहन होत मला. त्यापेक्षा काहीच नव्हतं तेव्हा बरं होतं."

"एकटी असताना घेऊन बघतेस का वास?"

"नाही. भीती वाटते. तुम्ही समोर असलात की धीर असतो."

हे ऐकून मला भरून आले.

दुपारी तिने राजीनामा लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्यापुढे ठेवला. एक चूक नव्हती. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. त्याचेच जास्त वाईट वाटले. मंगळवारी चार वाजता ती कारखान्यात जाऊन धाकट्या मालकांना देणार, म्हणजे शुक्रवारच्या कढईसाठी त्यांना दुसरे कोणी बघायला तीन दिवस मिळतील. लेबलांची खुर्चीही तिला नको आहे. "त्या बरणीवर लेबल कसं लावू, जिचा वास मला कळत नाही?"

७ जानेवारी, मंगळवार. कचेरीत, दुपारी अडीच

ती चारला देणार. मला इथे चैन पडत नाही, म्हणून डॉक्टरांसाठी लेकीने सांगितलेली यादी करतो आहे. ही वही समोर आहे, तिच्यावरून तारखा घेतो.

जळका वास: १७, १८, १९, २०. मग २३ ते २७. मग ३० ते १. मग ३. काल ६.

स्वच्छ वास: १५, २१ आणि २२, २८ आणि २९, २ जानेवारी, ४ आणि ५.

शनिवार, रविवार, आणि मध्येच हा एक गुरुवार. गुरुवारी काय वेगळे होते? रविवारचा सिद्धान्त तर त्या गुरुवारी कोसळतो. त्या दिवशी लिंबू कोणते होते? नेहमीचे, मावशींचे. पाणी तेच, बशी तीच, कापणारा मीच. खोकला होता. खोकला होता म्हणून

महाविद्यालयात तीन वर्षे मी न्याय, म्हणजे संस्कृतातले तर्कशास्त्र, शिकलो. त्यात अनुमानाचे एकच उदाहरण जन्मभर पुरते: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. ते मी वर्गात सर्वांत खणखणीत आवाजात म्हणायचो. तीन आठवडे माझी बायको धूर धूर म्हणते आहे आणि मी तिच्या नाकात शोधतो आहे.

तीन वाजायला पाच कमी. कारखान्याला पाऊण तास.

७ जानेवारी, संध्याकाळ

रिक्षा मिळाली नाही. बस मिळाली, ती दोन थांबे आधीच बंद पडली. पुढचे अंतर मी धावलो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आणि रोजच्या तीन चिंतनांनंतर माणूस कसा धावतो, याचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये ही बसली होती, लिफाफा टेबलावर, अजून बंद. मालक चष्मा पुसत होते. मी दार ढकलून आत गेलो आणि दोन्ही हात पुढे केले. धाप लागली होती.

"अहो, काय झालं? पाणी द्या त्यांना!"

"वास खरा आहे," मी म्हणालो. "जळका... संत्र्याचा नाही. माझा."

"काय?"

"सिगारेट. रोज तीन. ऑक्टोबरपासून. बोटांना वास, बोटं सालीला. शनिवार-रविवार लेक असते म्हणून बंद. गुरुवारी खोकला होता." एवढे बोलून मी कोपऱ्यातल्या पोत्यावर बसलो. "तुझं नाक वाकडं नाही. मी वाकडा आहे."

 मग हिने माझा उजवा हात धरून नाकाशी नेला. डोळे मिटले. पूर्ण वीस सेकंद.

"मालक," ती म्हणाली, "दोन नारिंगं मागवा."

धाकटे मालक म्हणजे चांगला माणूस. त्यांनी स्वतः हात धुऊन एक सोलले, दुसरे मला सोलायला दिले. हिला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि साली एकामागून एक तिच्या खांद्यावरून पुढे धरल्या.

"ही यांची," ही म्हणाली. "ही तुमची. ही पुन्हा यांची. ही तुमची. मालक, तुम्ही मध्येच दोन्ही एकदम धरल्यात, मला फसवू नका."

मालक मोठ्याने हसले. आणि मग हीसुद्धा हसायला लागली; हसता हसता डोळ्यांत पाणी, ते पुसता पुसता पुन्हा हसू. "एकवीस वर्षांची नोकरी सोडायला निघाले होते मी! यांच्या तीन सिगारेटींपायी!" तिने लिफाफा उभा फाडला, मग आडवा, मग जमेल तसा.

दारात भट्टीवाले काका उभे होते. तीस वर्षे कढई ढवळणारा माणूस. ते मला म्हणाले, "साहेब, मावशींकडनं फळं घेता ना? मीही तिथंच घेतो. त्या परवाच बोलल्या, पेपरवाल्याचे हात धुवून घ्या म्हणून. आम्हाला वाटलं शाईबद्दल बोलतायत."

घरी येताना बसमध्ये ही अतिशय प्रसन्न. "किती दिवस म्हणालात? ऑक्टोबर?"

"तापाच्या सातव्या दिवसापासून."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "इस्पितळात होते तेव्हापासून," ती हळू म्हणाली. मग आवाज बदलून, "बरं. हे आपण नंतर बघू."

"नंतर" या शब्दात इतके मावते, हे मला कोणत्याही कोशाने शिकवले नव्हते.

८ जानेवारी, बुधवार

टाकीमागचे पाकीट हिच्यासमोर पाण्यात बुडवून फेकले. चिंतन शून्य. एक उरली आहे. कुठे आहे, ते या वहीतही लिहीत नाही. ओढायची नाही, नुसती जवळ असू द्यायची.

हिने आज नऊ फळांचा वास घेतला. नऊच्या नऊ बरोबर.

१० जानेवारी, शुक्रवार

नगरपालिकेच्या बैठकीला दांडी मारून कारखान्यात गेलो. संपादकांना सांगितले, सदरासाठी. खोटे नव्हते.

आत गेल्याबरोबर डोळे चुरचुरले, एवढी नारिंगे. कडू जातीची: साल खरखरीत, रस आंबट-कडू, नुसती खाववत नाहीत, पण मार्मालेड यांचेच. दोन ओळींत बायका साली कातरत होत्या. आदल्या दिवसापासून भिजलेली कातरण, तिच्याबरोबर मलमलच्या पुरचुंडीत बांधलेल्या बिया; बियांनी पाक धरतो. तांब्याची मोठी कढई भट्टीवर, आणि काका ढवळत.

साखर विरघळली, रंग मधासारखा झाला. धाकट्या मालकांनी साखर मोजायच्या यंत्रात थेंब घातला. "बरोबर." काकांनी थंड बशीवर चमचाभर टाकून बोटाने सरकवले, सुरकुती पडली. "धरलाय." बायकांनी गरम बरण्या ओळीने मांडल्या. कातरणाऱ्यांचे हात थांबले. सगळ्यांनी हिच्याकडे पाहिले.

ही कढईवर वाकली. डोळे मिटले. मी मनात वीस मोजले. पंचवीस झाले.

ती सरळ उभी राहिली. चेहरा पांढरा.

"काय झालं, बाई?" मालक.

"जळका येतोय."

मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. बिचाऱ्या बाई, असे लिहिलेले होते. काकांनी चमचा चाखला. "नाही हो. कडूच आहे, पण नारिंगाचं कडू. माझा हात थांबला नाही कुठे." मालकांनी चाखले. मान हलवली. यंत्राकडे पाहिले.

तेव्हा हिने माझ्याकडे पाहिले. तीस माणसांच्या पलीकडून, सरळ माझ्या डोळ्यांत. 

मी दोन्ही हात वर केले, बोटे पसरून, चोर पकडल्यासारखे. आणि मान हलवली. नाही. तीन दिवसांत एकही नाही.

ती वळली. "भरू नका," ती म्हणाली. आवाज एकवीस वर्षांच्या नोकरीतला होता. "खाली उतरवा. पुरचुंडी काढा."

काकांनी झारा तळाशी घातला. पुरचुंडी येईना. दुसऱ्यांदा नेट लावला तेव्हा ती सुटली, आणि वर आली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला तळहाताएवढा काळा डाग होता. मलमल तळाला चिकटून करपली होती. वरून ढवळणाऱ्या हाताला ते कळणेच शक्य नव्हते.

काकांनी तो डाग बघितला. मग स्वतः नाकाशी नेला, तोंड वाकडे केले आणि डोक्यावरची टोपी काढली. "बाई," ते म्हणाले, "मी तीस वर्षं ढवळतोय. मला आत्ता येतोय."

त्या गलक्यात कोणी काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. एका कातरणाऱ्या बाईने मला मिठी मारली. मी कोण, हे तिला माहीत नसावे.

कढई रिकामी झाली, घासली, दुसरी चढली. या खेपेला पुरचुंडी दोरीने कडीला टांगलेली. साडेचार वाजता ही पुन्हा वाकली. वीस सेकंदही लागले नाहीत.

"भरा!"

१२ जानेवारी, रविवार

"नंतर" आज आले. सकाळच्या कॉफीबरोबर आले आणि दुपारपर्यंत राहिले. लेक सोफ्यावर पाय घेऊन ऐकत होती. मध्ये मध्ये मला औषधशास्त्रातले आकडे पुरवत होती, तेही माझ्या विरुद्ध.   शेवटी ही म्हणाली, "घाबरला होतात, तर मला सांगायचं. मीही घाबरलेच होते." मी जाऊन तिच्या शेजारी बसलो.

टेबलावर यंदाच्या हंगामाची पहिली बरणी आहे. मालकांनी लेबल कोरे ठेवून पाठवली आहे. त्यावर हिने सही करायची. गुरुवारच्या सदरात कडू नारिंगाचे गुण लिहीन, आणि साखर बेताने खा असेही लिहीन, लेक बघते आहे.

हे लिहीत होतो तेव्हा ही फडके घेऊन पुस्तकांच्या कपाटापुढून गेली. गेली आणि थांबली. एक पाऊल मागे आली.

"अहो."

"हं?"

"तुमचा तो संस्कृतचा कोश. वरून दुसरी फळी." तिने डोळे मिटले. "तिसरा खंड."

माझी उरलेली एक. न पेटवलेली, कागदात गुंडाळलेली, नऊशे पानांच्या मध्ये दाबलेली.

मी उठलो, तिसरा खंड काढला आणि आहे तसा तिच्या हातात दिला. पकडले गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.